गाळाची बादली

"आवटी, हे काय आहे?"

मगदूम सरांनी काचेची नळी माझ्या नाकासमोर धरली होती.

"पाणी, सर."

"पाणी म्हणजे?"

"म्हणजे पाणीच. मीठ आहे, बाकीची सटरफटर प्रथिनं आहेत. आपला माल नाही."

"टाकीभर बॅक्टेरिया वाढवले. साखर खाऊ घातली, रात्रंदिवस हवा फुंकली, फोडले, गाळले. आणि शेवटी हातात पाणी! ते तर आमच्या मळ्यातल्या विहिरीला फुकट आहे की."

तबस्सुम माझ्या शेजारी उभी होती. तिच्याकडे न बघता सर बोलत होते, आणि सगळं तिच्यासाठीच होतं. मला असल्या तिरक्या बोलण्याचा भारी राग. काय बोलायचं ते तोंडावर बोलावं.

"सर, तिला काय म्हणायचंय ते एकदा ऐकून तरी घ्या," मी म्हणाले.

"गेलं वर्षभर ऐकतोयच."

सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत आमची ती कंपनी. कंपनी कसली, पत्र्याची एक मोठी शेड, तिच्यात एक लॅब, एक कोल्डरूम आणि माणसाच्या दुप्पट उंचीची एक टाकी. डॉक्टर जयपाल मगदूम हे मालक आणि मुख्य शास्त्रज्ञही. मी शुद्धीकरण बघायची. टाकीतून जो काय लगदा येईल त्यातून हवा तेवढाच पदार्थ बाजूला काढायचा हे माझं काम. सगळे मला मागून गाळणीवाली बाई म्हणायचे. पुढून म्हणायची कुणाची टाप नव्हती.

आणि तबस्सुम बारगीर ही आमची जनुकवाली. मिरजेची पोरगी, कॉलेजातली कायमची नोकरी सोडून आमच्याकडे आलेली. आपण कातडीला चिमटा काढला आणि सोडला की कातडी परत जागेवर बसते ना, ती आपल्या अंगातल्या एका ताणणाऱ्या प्रथिनामुळं. लांबच लांब साखळी असते त्याची, एकच तुकडा पुन्हा पुन्हा जोडलेला. तबस्सुमनं त्या साखळीचा नमुना लिहून बॅक्टेरियाच्या पोटात घातला होता. बॅक्टेरियांनी आपापल्या पोटात ती साखळी विणायची, आम्ही ती बाहेर काढून स्वच्छ करायची, आणि तिचा पातळ पापुद्रा भाजलेल्या माणसाच्या जखमेवर लावायचा. जखमेबरोबर ताणला जाणारा, न चिकटणारा पापुद्रा. मिरजेत हॉस्पिटलांच्या शेजारी वाढलेली होती ती. ड्रेसिंग सोडवताना भाजलेली माणसं कशी ओरडतात ते तिनं लहानपणी भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

भानगड अशी होती, की तिनं लॅबमध्ये, बशीभर बॅक्टेरियांतून केलं की माल निघायचा. मी स्वतः डोळ्यांनी बघितला होता. आणि तेच आम्ही टाकीत केलं की काही नाही! थंडीत पहिली टाकी केली तेव्हा थोडा तरी आला होता. पुढच्या खेपेला त्याहून कमी. उन्हाळा लागला तसं साफच बंद झालं. सर म्हणाले बॅक्टेरिया बिघडले. तिनं नवे घेतले, तरी तेच.

"बारगीर," सर शेवटी तिच्याकडे वळले. "तुझ्या हातून निघतो आणि दुसऱ्या कुणाच्या हातून निघत नाही. याचा अर्थ काय होतो?"

"मला नाही कळत, सर. तुमच्यासमोर परत करून दाखवते."

"बशीत नको दाखवू. चमचाभर मालात कुणीही काहीही मिसळू शकतं."

मला राहवेना.

"म्हणजे ती खोटं बोलतेय? मी बघितलंय सर, माझ्या डोळ्यांदेखत—"

"तुम्ही दोघी एका डब्यात जेवता, आवटी. तुमची साक्ष मी कशी धरू?" त्यांनी नळी स्टँडमध्ये ठेवली. "तिच्या आकड्यांवर आपण सरकारकडून मदत घेतलीय. सोमवारी मी दिल्लीला कळवणार, की ते आकडे खरे नव्हते. कुणी काढले हेही सांगावं लागेल. आणि उद्या सकाळी तिचे बॅक्टेरिया ऑटोक्लेव्हच्या वाफेवर शिजायला जातील. सगळ्या कुप्या. एकही शिल्लक नको."

म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही कळलं. आमच्या धंद्यात चोरी केलेला माणूस एखादवेळ परत उभा राहील, पण आकडे खोटे लिहिले असं एकदा नाव लागलं, की देशातल्या एकाही लॅबचं दार उघडत नाही. आणि बॅक्टेरियाच मेल्यावर खरंखोटं करायला उरणार काय?

सर गेले. तबस्सुमनं टेबल पुसायला घेतलं. पुसलेलंच टेबल ती परत परत पुसत होती.

"सोड ते," मी म्हणाले. "चहा पिऊ चल."

"महानंदाताई, तुम्हाला तरी खरं वाटतं ना?"

"अगं, मी बघितलंय म्हणते ना!"

"मला आता माझीच शंका यायला लागलीय." ती खाली बसली. "वाटतं, मीच काहीतरी चुकीचं बघत आले. एवढं हवं होतं ना मला ते, म्हणून दिसत असेल. माणूस असंच वेडं होत असेल का हो?"

मी तिला रागावले, कारण रडू आलं की मला दुसरं काही सुचत नाही.

"वेडी कसली! जेव नीट चार घास, मग बोल."

तेवढ्यात शेडमध्ये एकदम शांतता झाली. वीज गेली होती. त्या वर्षांत भारनियमन म्हणजे रोजचं मरण होतं. आमच्या जनरेटरवर फक्त कोल्डरूम आणि टाकी चालायची. ऑटोक्लेव्ह सांभाळणारे खोतमामा बादली घेऊन दारात उभे राहिले.

"बाई, ह्या गाळाचं काय करू? वाफ बंद पडली."

गाळ म्हणजे फोडलेल्या बॅक्टेरियांचा चोथा. फोडलेला लगदा आम्ही सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून वेगळं करणाऱ्या मशीनमध्ये घालायचो. खाली गाळ बसायचा, वर पाणी राहायचं. पाण्यात माल, गाळात कचरा, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकलेलं. पाणी मी कोल्डरूममध्ये न्यायची आणि गाळ ऑटोक्लेव्हमध्ये जायचा. बदललेला एकही जंतू जिवंत बाहेर जाता कामा नये, म्हणून तो वाफेवर शिजवूनच फेकायचा असा नियम.

"ठेवा तिथंच कोपऱ्यात, उद्या बघू."

"असल्या उन्हात? सकाळपर्यंत अशी घाण सुटंल, की शेडमधी पाय ठेवता यायचा न्हाई."

"मग कोल्डरूममध्ये ठेवा."

"कोल्डरूममधी?" मामांनी डोळे मोठे केले. कचरा कोल्डरूममध्ये न्यायचा नाही, हा मगदूम सरांचा सोवळ्यातला नियम. मालाला विटाळ होतो म्हणे.

"कुठल्या मालाला, मामा? आहे का माल? ठेवा खुशाल. सरांना मी बघते."

रागानंच ठेवायला लावली मी ती बादली. खरं सांगते, त्यात शहाणपण तिळाएवढंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज होती. मामांनी वाफ धरली होती, आणि तबस्सुमच्या गोठवलेल्या कुप्यांचा डबा त्यांनी आधीच टेबलावर आणून ठेवला होता. तिनं तो बघितला आणि ती तिच्या खोलीत जाऊन पुस्तकं आवरायला लागली. मी बादली आणायला कोल्डरूममध्ये गेले.

काल त्या बादलीत भिजवलेल्या डाळीच्या पिठासारखा घट्ट गाळ होता. आज तो निम्म्यानं कमी झालेला, आणि वर आरपार दिसणारा, किंचित पिवळसर रस. बरं, गाळाला पाणी सुटतं, त्यात नवल काय? मी बादली उचलली आणि चालायला लागले. पण ते पाणी हिंदकळेना. पाण्यानं कसं डुचमळावं, काठावरून उडावं. हे आळशासारखं हळूच एका बाजूला जायचं आणि हळूच परत यायचं, साखरेच्या पाकासारखं.

"मामा, हिच्यात काही ओतलंत का?"

"मी कशाला ओतू? तुमी ठेवायला लावली, मी ठिवली."

मी थोडा रस चंचुपात्रात ओतून घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. बघू सावकाश म्हणून. तोवर मामांनी कुप्यांच्या डब्याला हात घातला आणि आमची जुंपली.

"थांबा ना जरा, काय घाई आहे?"

"सरांनी सकाळीच करायला सांगितलंय."

"सर अजून आले तरी आहेत का?"

"आल्यावर मला इचारतील की!"

"विचारू दे. माझं नाव सांगा."

असं बोलून मी वळले, तर कट्ट्यावरच्या चंचुपात्रात दूध!

म्हणजे दुधासारखं पांढरं. मघाशी त्यातून पलीकडची खिडकीची जाळी दिसत होती, आता काही दिसेना. नासलं, मला वाटलं. मे महिन्यातलं कुपवाड, सकाळीच कट्टा तापलेला, नासणारच. आमच्या लोकांना एक सवय असते. काहीही बिघडतंय असं वाटलं, की पहिलं बर्फात खुपसायचं. प्रथिनाला ऊन लागू देऊ नये, हे आमच्या हाडात भिनलेलं. नासलेलं बर्फात घालून काय उपयोग, एवढासुद्धा विचार न करता मी ते पात्र बर्फाच्या डब्यात रोवलं.

आणि माझ्यासमोर ते दूध विरायला लागलं.

तळापासून. आधी कडा स्वच्छ झाली, मग पांढरा ढग आत आत आक्रसत गेला, आणि मग तोही गेला. पुन्हा आरपार. खालचा बर्फ दिसत होता. मी पात्र काढून कट्ट्यावर ठेवलं. थोडा वेळ काही नाही. मग कुणी आत फुंकर मारावी तसं धूसर, आणि मग दूध. परत बर्फ. परत स्वच्छ.

तूप गारठ्यात थिजतं आणि उन्हात पातळ होतं. मीठ-साखर ऊन पाण्यात पटकन विरघळते. सगळ्या जगाची रीत ती. आणि हे तर जगाच्या उलटं वागत होतं! उबेला थिजणारं, गारव्याला विरघळणारं काही असतं, हे मला पस्तिशीपर्यंत माहीत नव्हतं. नासलेलं दूध काही परत चांगलं होत नाही. म्हणजे हे नासलेलं नव्हतं. मग हे होतं काय?

"तबस्सुम! ए तबस्सुम! पळत ये!"

ती पळत आली, हातात पुस्तक तसंच. मी पात्र कट्ट्यावर ठेवलं, बर्फात ठेवलं. तिनं बघितलं. पुस्तक कधी खाली ठेवलं ते तिलाही कळलं नसेल.

"कुठून आणलं हे?"

"गाळातून. कालच्या बादलीतून."

"गाळातून?"

"रात्रभर कोल्डरूममध्ये होती."

तिचे ओठ हलत होते, मनात काहीतरी जुळवत असल्यासारखे. मग तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"या अल्ला! महानंदाताई, मी लॅबमध्ये करते तेव्हा सगळं बर्फावर असतं. माझं मशीनसुद्धा गार करणारं. आणि तुमचं मोठं?"

"त्याला कुठलं गार करणं! भट्टी होते त्याची उन्हाळ्यात." आणि बोलता बोलता माझ्याही डोक्यात लख्ख पडलं. "म्हणजे गरम मशीनमध्ये माल थिजायचा..."

"आणि गाळाबरोबर खाली बसायचा."

"आणि मी वरचं पाणी जपून कोल्डरूममध्ये नेत होते!"

"आणि थंडीत केलं तेव्हा थोडा पाण्यात राहिला होता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सबंध उन्हाळाभर आम्ही माल वाफेवर शिजवून गटारात सोडत होतो, आणि पाणी चाचणीला लावत होतो. मला हसू आवरेना. एवढ्यात मामांनी पुन्हा कुप्यांचा डबा उचलला.

"मामा, त्या डब्याला हात लावाल तर बघा!" हे ओरडणं माझं नव्हतं. तबस्सुमचं होतं. तिला असं ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मामांनी डबा असा ठेवला, जसं काय तापलेला तवाच हाती आला होता.

मग आम्ही कामाला लागलो. रस उबेला धरला, पांढरा झाला, तसाच गरम गरम फिरवला. तळाशी मधासारखा दाट थेंब बसला. वर राहिली ती घाण, कारण घाणीला ही उलटी रीत माहीत नव्हती. ती ओतून टाकली. थेंबावर बर्फाचं पाणी घातलं, थेंब विरघळला. आता गार फिरवलं, तर गारव्यात न विरघळणारा बाकीचा कचरा तळाशी बसला. तो टाकला, वरचा रस घेतला. ऊब आणि गारवा, ऊब आणि गारवा. दर खेपेला रस जास्त स्वच्छ. मी आयुष्यभर प्रथिनं वेगळी करणारे महागाचे स्तंभ, गाळण्या, रसायनं वापरून शुद्धीकरण केलेलं. आणि इथं तो पदार्थ स्वतःच गर्दीतून उठून बाहेर येत होता, आणि आम्ही नुसतं त्याला ऊन आणि सावली दाखवत होतो. मला देवळात आल्यासारखं वाटत होतं, हे सांगायला मला आजही लाज नाही. बोलत होतो तेसुद्धा हळू आवाजात. चाचणी लावली. तिच्यात प्रत्येक प्रथिनाचा आपापल्या जागी पट्टा उमटतो; आपल्या मालाचा जिथं यायचा तिथंच, जाडजूड, एकटाच एक पट्टा आला. दुसरं काही नाही.

पुढं कळलं, की परदेशात हा स्वभाव काही लोकांना आधीच ठाऊक होता, त्यावर छापूनही आलं होतं. येऊ दे. कुपवाडला ते पोचलं नव्हतं. आम्हाला त्या दिवशी ते पहिल्यांदाच दिसलं, आणि पहिल्यांदा दिसलेली गोष्ट ती पहिलीच असते.

दुपारी सर आले. दारातूनच म्हणाले, "कुप्या गेल्या का?"

"नाही, सर," तबस्सुम म्हणाली.

"का?"

मी पुढं झाले आणि सगळं सांगितलं. भडाभडा, मागचंपुढं करत. बादली कोल्डरूममध्ये ठेवली म्हटल्यावर त्यांच्या कपाळावर आठी आली, ती शेवटपर्यंत गेली नाही. मी बर्फातली पातळ नळी वर काढून दाखवली. स्वच्छ, पाण्यासारखी.

"कालही हेच दाखवलं होतंत," ते म्हणाले. "पाणी."

"सर, कट्ट्यावर ठेवते, बघा—"

"कट्ट्यावर काय ठेवलेलं असेल मला काय माहीत? रंग बदलणारी रसायनं पोरं गॅदरिंगला दाखवतात, आवटी."

माझं डोकं सणकलं. पण मी तोंड उघडायच्या आत तबस्सुमनं माझ्या हातातून नळी घेतली.

"सर, हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुम्हीच धरा. मुठीत. मी लांब उभी राहते." आणि खरंच ती मागं सरकून भिंतीला टेकून उभी राहिली.

सरांनी नळी घेतली, पुसली, टोपण घट्ट आहे का बघितलं आणि मूठ मिटली. मुठीच्या वर बोटभर नळी दिसत होती, तशीच स्वच्छ. थोड्या वेळानं त्यांनी मूठ उघडली.

जिथं जिथं त्यांची बोटं होती, तिथं तिथं नळीत पांढरं उमटलं होतं. चार बोटांचे चार ढग, मधे मधे अजून स्वच्छ पट्टे. आमच्या डोळ्यांसमोर ते ढग पसरत एकमेकांना मिळाले आणि त्यांच्या तळहातावर दुधाची नळी आडवी पडली होती.

सर बघत राहिले. मग त्यांनी ती बर्फात खोचली. स्वच्छ झाली. परत मूठ. परत ढग. एवढा करारी माणूस, लहान मुलासारखा ते पुन्हा पुन्हा करत होता. कपाळावरची आठी तशीच होती, पण खाली डोळे भरले होते.

"माझ्या हाताची ऊब," ते स्वतःशीच म्हणाले. "एवढीच लागते."

"हो, सर. माणसाच्या अंगाची ऊब," तबस्सुम भिंतीपासून म्हणाली. "जखमेवर घातलं की तिथंच थिजेल. दाबावं लागायचं नाही, बांधावं लागायचं नाही." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. तिला ते त्या क्षणीच सुचलं होतं.

सरांनी नळी स्टँडमध्ये ठेवली. चष्मा काढला. मग तिच्यासमोर गेले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. मोठ्या माणसानं लहान पोरीपुढं असे हात जोडलेले मी कधी बघितले नव्हते.

"आम्ही जैन लोक पर्युषण संपलं की सगळ्यांची क्षमा मागतो. त्याला अजून अवकाश आहे. पण तोवर थांबलो तर मला घास गिळायचा नाही. काल मी तुला खोटी ठरवलं. उत्तम क्षमा, बारगीर."

खोतमामा दारात उभे होते, त्यांनी मान खाली घातली. मीसुद्धा पदर डोळ्यांना लावला. काय बोलणार ही आता, मला वाटलं. वर्षभराचं साठलेलं सगळं बाहेर काढील, काढू दे, तिचा हक्कच आहे.

तबस्सुमनं सरांचे जोडलेले हात बघितले. मग तिनं बर्फातून दुसरी एक गार नळी उचलली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"सर," ती म्हणाली, "अजून एकदा धरा ना. मी लांब भिंतीपाशी होते, मला नीट बघताच आलं नाही."